'उद्यम रद्द करा' म्हणे: कुपवाडच्या एका मशिनिंग शॉपचं प्रकरण

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिनिंग शॉपचं हे प्रकरण आहे. शीर्षकातलं 'उद्यम' म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारदरबारची नोंदणी. मालकांना सगळे आण्णा म्हणतात, इथंही तेच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून रकमा थोड्या फिरवून गोल केल्या आहेत, प्रमाणं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत. आण्णांचं जीएसटी आणि इन्कमटॅक्सचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीपासूनचे बहुतेक कागद माझ्या टेबलावरून गेले. छोट्या उद्योगाला पैसे वेळेत मिळावेत म्हणून केलेली एक सुधारणा त्याच छोट्या उद्योगाच्या दारात आल्यावर कशी वळणं घेते, ते या कागदांतून चांगलं दिसतं. चिली, फ्रान्स आणि जपानमध्येही याच प्रश्नावर कायदे झाले. तिथं जे घडलं ते कळल्याशिवाय कुपवाडात जे घडलं ते नीट उलगडत नाही.

शॉप आणि त्याची उधारी

दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, एक जुनी रेडियल ड्रिल आणि सात माणसं, एवढा पसारा. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आण्णा त्याचं फेसिंग, बोरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून परत पाठवतात. माल फौंड्रीचा, मजुरी आण्णांची. महिन्याला साधारण दहा लाखांचं जॉबवर्क होतं, आणि त्यातलं सहा लाखांचं एकाच फौंड्रीचं. ती फौंड्री पंपाची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग मोठ्या कंपन्यांना देते. तिची वर्षाची उलाढाल सत्तर कोटींच्या घरात. तिच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, छापलेलं असतं, 'पेमेंट ९० दिवस'. प्रत्यक्षात ११० दिवसांत पैसे जमा झाले तर आण्णा तक्रार करत नाहीत.

खर्च मात्र कोणासाठी थांबत नाही. सात तारखेला पगार, मग महावितरणचं बिल, मग इन्सर्ट, कूलंट, टॅप-ड्रिल, आणि वीस तारखेला जीएसटी. जीएसटीचं दुखणं बाहेरच्याला चटकन कळत नाही. जूनमध्ये केलेल्या बिलावरचा कर २० जुलैच्या आत भरायचा, मग त्या बिलाचे पैसे ऑक्टोबरात येवोत की दिवाळीनंतर. २०२४ मध्ये या कामावर १२ टक्के दर होता. सहा लाखांवर ७२ हजार. जॉबवर्कवाल्याचे मोठे खर्च म्हणजे पगार आणि वीज, आणि या दोन्हींवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, काही मिळत नाही. त्यामुळे बहुतेक कर रोखीनेच जातो, आणि ती रोख आण्णा सीसीतून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, ११ टक्क्यांनी उचलतात. थोडक्यात, फौंड्रीला उधारी द्यायची, वर त्या उधारीवरचा कर बँकेचं कर्ज काढून सरकारला आगाऊ भरायचा.

२०२४ च्या जानेवारीअखेर फौंड्रीकडे २२ लाख येणं होतं. त्यातले सुमारे १३ लाख पंचेचाळीस दिवसांहून जुने.

कायदा होता, तक्रार नव्हती

पंचेचाळीस दिवसांची मर्यादा नवीन नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात ती आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पीओवर ९० छापलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. २०२४ च्या सुरुवातीला बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. वाद झाला तर तो सोडवायला सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, आणि तिच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर कायदा चांगलाच कडक आहे.

आण्णांनी त्याचा एकदाही वापर केला नाही. माझ्या इतर अशिलांपैकीही फार थोड्यांनी केला, आणि ज्यांनी केला त्यांचं त्या गिऱ्हाइकाशी असलेलं नातं आधीच तुटलेलं होतं. तक्रार स्वतःच्या नावाने, गिऱ्हाइकाच्या नावाविरुद्ध करायची असते. साठ टक्के काम देणाऱ्याविरुद्ध कोण करणार? कोर्टाचा रस्ता तर विचारूच नका. जागतिक बँकेच्या 'डुइंग बिझनेस' अहवालात भारत २०१५ च्या आवृत्तीतल्या १४२ व्या क्रमांकावरून २०२० च्या आवृत्तीत ६३ व्या क्रमांकावर आला, त्याचे बरेच ढोल वाजले. त्याच अहवालात 'कराराची अंमलबजावणी' या सदरात आपण १६३ वे होतो. एक व्यापारी दावा निकाली निघायला १,४४५ दिवस. आणि ही सगळी मोजणी मुंबई-दिल्लीतली, सांगलीच्या कोर्टातली नव्हे. आकड्यांत फेरफार झाल्याचं उघडकीला आल्यावर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. पण तोवर जगभरची सरकारं त्या क्रमवारीकडे बघून सुधारणा करत होती. कंपनी नोंदायला किती दिवस लागतात, परवान्याला किती टेबलं फिरावी लागतात, हे त्यात ठळक मोजलं जायचं. नोंदलेल्या छोट्या कंपनीला तिचे पैसे कधी मिळतात, हे थेट मोजणारं सदर त्यात नव्हतं.

मग २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यातल्या कलम ४३बीमध्ये 'एच' हे पोटकलम घातलं. ते २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं त्या ४५ किंवा १५ दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा मिळणार नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळेल. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही, व्यापाऱ्यालाही नाही.

कल्पना हुशार आहे, हे मान्य करायला हवं. तक्रारदाराची गरजच संपली. ज्याने पैसे अडवले त्याचाच ऑडिटर त्याला विचारणार.

२८ मार्च

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फौंड्रीकडून एक छापील फॉर्म आला. तुमची उद्यम नोंदणी आहे का, असेल तर सूक्ष्म, लघु की मध्यम, उत्पादन, सेवा की व्यापार, प्रमाणपत्राची प्रत जोडा. आण्णांनी भरून पाठवला. त्या दिवसांत सगळीकडे हेच चाललं होतं. सुरतच्या कापड बाजारात तर व्यापाऱ्यांनी मार्चअखेरीच्या भीतीने माल परत पाठवल्याच्या बातम्या होत्या.

फौंड्रीचं गणित तिच्या बाजूनेही बघायला हवं. आण्णांसारखे जॉबवर्कवाले, पॅटर्नवाले, फेटलिंगवाले मिळून तिचं मुदतबाह्य देणं तीन कोटींच्या आसपास होतं, आणि वर्षाचा नफाही तेवढाच. तीन कोटींचा खर्च नाकारला गेला तर करपात्र उत्पन्न दुप्पट. कंपनीला २५.१७ टक्क्यांनी सुमारे ७५ लाख जादा कर. हे पैसे बुडत नाहीत, पुढच्या वर्षी देणं दिलं की वजावट परत मिळते. म्हणजे खरं नुकसान ७५ लाखांवरच्या वर्षभराच्या व्याजाचं, सात-आठ लाखांचं. आण्णांच्या १३ लाखांपुरतं बोलायचं तर कर सव्वातीन लाख आणि त्यावरचं व्याज तीसेक हजार. पण मार्चमध्ये ७५ लाख रोख कुठून आणायचे, हा प्रश्न फौंड्रीलाही खराच होता. तिचे स्वतःचे पैसे तिच्या गिऱ्हाइकाकडे नव्वद दिवस अडकलेले.

२८ मार्चला, गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आण्णांच्या खात्यावर तेरा लाख एकरकमी जमा झाले. आण्णांच्या मिसेस, ज्यांना शॉपमध्ये सगळे वहिनी म्हणतात आणि ज्या सगळा हिशेब बघतात, त्यांचा मला फोन आला. चुकून कोणा दुसऱ्याचे तर आले नाहीत ना, एवढंच विचारायचं होतं. सीसी खातं अनेक वर्षांनी पहिल्यांदा अर्ध्याखाली आलं.

एप्रिल

महिनाभरात परचेस मॅनेजरांनी आण्णांना बोलावलं. माणूस चांगला आहे, आण्णांशी पंधरा-वीस वर्षांची ओळख. चहा झाल्यावर म्हणाले, "आण्णा, तुमचं काम चांगलं हाय, तुम्हाला सोडायचं न्हाई आम्हाला. पण ते उद्यम तेवढं रद्द करून टाका की. तुम्हाला त्याचा काय उपयोग?"

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. एक, उद्यम नोंदणी रद्द करायची आणि ९० दिवसांवर काम जसंच्या तसं चालू. दोन, वहिनींच्या नावाने उद्यम नसलेली नवी फर्म काढून बिलं तिच्या नावाने करायची. तीन, नोंदणी ठेवायची, ४५ दिवसांत पैसे घ्यायचे, पण दरात चार टक्के सूट.

दुसरी वाट मी लगेच बाजूला ठेवायला सांगितली. मशिन आण्णांच्या नावावर, कामगार आण्णांच्या पटावर, वीज आण्णांची आणि बिल वहिनींच्या फर्मचं, हे जीएसटीच्या तपासणीत पाच मिनिटंही टिकलं नसतं. पहिली वाट वरवर बिनखर्चाची वाटत होती. पण आण्णांची सीसी तारणाशिवाय आहे, छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई ट्रस्टच्या हमीवर, आणि ती हमी उभी आहे उद्यमच्या कागदावर. नोंदणी रद्द झाली की बँकेत खात्याचं वर्गीकरण बदलणार, आणि पुढच्या नूतनीकरणाला तारण मागितलं जाणार. राहतं घर सोडून दुसरं तारण नाही. वहिनी म्हणाल्या, "कागद फुकट मिळाला म्हणून काढला, आणि आता तो ठेवायचे पैसे पडायलेत व्हय?"

त्यांच्या या प्रश्नावर श्रीलंकेत झालेला एक प्रयोग आठवतो. नोंदणी न केलेल्या छोट्या धंद्यांना अर्थतज्ज्ञांनी आधी नोंदणीची माहिती आणि तिचा खर्च देऊ केला. फरक काहीच पडला नाही. मग अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याएवढी रक्कम देऊ केली, तेव्हा पाचातला एक तयार झाला. दोन महिन्यांच्या नफ्याएवढी दिली तेव्हा निम्मे. म्हणजे अडसर नोंदणीच्या फीचा नव्हताच. कागद घेतल्यावर मागून काय येतं आणि काय जातं, हा हिशेब धंदेवाला करतो. आपल्याकडे उद्यम नोंदणी ऑनलाइन, आधारवर, विनाशुल्क होते. नोंदणी सोपी केली म्हणून सरकार पाठ थोपटून घेतं, ते रास्तही आहे. पण ४३बी-एच आल्यापासून त्या कागदाला बाजारात किंमत आली, आणि आण्णांच्या बाबतीत ती वजा किंमत होती.

माझ्या मते या सुधारणेचा खरा दोष इथं आहे. संरक्षण पुरवठादाराच्या बिल्ल्याला जोडलं, आणि तो बिल्ला ठेवायचा की काढायचा हे पुरवठादाराच्या हातात दिलं. जो आपल्या पैशासाठी तक्रारही करू शकत नव्हता, तो 'बिल्ला काढ' म्हणणाऱ्याला नाही कसा म्हणणार? मर्यादा मोठ्या खरेदीदारावर घातली असती, समोरचा नोंदलेला असो वा नसो, तर हा चहा झालाच नसता.

हे चिलीत आधी घडलं होतं

चिलीमध्ये २००७ च्या सुमाराला एका मोठ्या रिटेल साखळीवर बंधन आलं की छोट्या पुरवठादारांना ९० ऐवजी ३० दिवसांत पैसे द्यायचे. पुढे अर्थतज्ज्ञांनी त्या साखळीच्या खरेदीचे आकडे तपासले. ज्या छोट्यांना संरक्षण मिळालं त्यांच्याकडून खरेदी होण्याची शक्यता ११ टक्क्यांनी घटली होती. साखळीने काही खरेदी स्वतःच्याच उपकंपन्यांकडे वळवली. मात्र जिथं जुनं, विश्वासाचं नातं होतं तिथं फटका कमी बसला. एवढं होऊनही चिलीने २०१९ मध्ये देशभरासाठी तीस दिवसांचा कायदा केलाच.

फ्रान्समधलं चित्र वेगळं. तिथं २००६ मध्ये मालवाहतूकदारांचे पैसे तीस दिवसांत द्यायची सक्ती झाली. ट्रकवाल्या कंपन्या बुडण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटलं, आणि नवे छोटे वाहतूकदार धंद्यात आले. दोन्ही देशांत मर्यादा तीसच दिवसांची, मग निकाल उलटे का? फ्रान्समध्ये नियम वाहतुकीच्या व्यवहाराला होता, ट्रकवाला छोटा की मोठा हा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाइकाला टाळायला पर्याय उरला नाही. चिलीच्या साखळीवरचं बंधन काही ठरावीक छोट्यांपुरतं होतं, त्यांना वगळून दुसरीकडे जाणं सोपं होतं. आपलं ४३बी-एच चिलीच्या घरातलं आहे.

अंमलबजावणी कोण करतं, हाही फरक मोठा. फ्रान्सने २००८ मध्ये सगळ्याच धंद्यांना साठ दिवसांची मर्यादा घातली. तिथं सरकारी निरीक्षक कंपन्यांची देयकं स्वतः तपासतात, दंड वीस लाख युरोपर्यंत जाऊ शकतो आणि दोषी कंपनीचं नाव जाहीर होतं. जपानमध्ये उपकंत्राटदारांसाठीचा कायदा १९५६ पासून आहे, माल मिळाल्यापासून साठ दिवस. तिथलं व्यापार आयोग दरवर्षी मोठ्या संख्येने उपकंत्राटदारांना प्रश्नावली पाठवतं. उत्तरं सगळ्यांकडूनच मागवलेली असल्यामुळे नेमकं कोण बोललं हे मोठ्या कंपनीला कळत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये, म्हणजे आण्णांच्या खात्यात तेरा लाख आले त्याच महिन्यात, या आयोगाने निसानला जाहीर समज दिली. ३६ पुरवठादारांच्या देयकांतून सुमारे ३०० कोटी येन अन्यायाने कापले म्हणून. २०२६ च्या जानेवारीपासून तर तिथं या व्यवहारांत वचनचिठ्ठीने पैसे देणंच बंद झालं आहे. आपल्याकडे पुढच्या तारखेच्या चेकचं जे चालतं, त्याचाच तो जपानी भाऊबंद.

युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमात साठ दिवस आहेत, पण 'दोघांनी स्पष्टपणे वेगळं ठरवलं नसेल तर'. छोटा आणि मोठा टेबलाच्या दोन बाजूंना बसल्यावर काय स्पष्टपणे ठरतं हे कुपवाडला येऊन बघावं. ती फट बुजवायला २०२३ मध्ये सरसकट तीस दिवसांचा प्रस्ताव आला, तो सदस्य देशांच्या मतभेदांत अडकला. अमेरिकेत खासगी व्यवहारांना असा सर्वसाधारण कायदा नाही. पण २०११ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच्या छोट्या कंत्राटदारांचे पैसे तीसऐवजी पंधरा दिवसांत द्यायला सुरुवात केली. लवकर मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे पगारखर्च सुमारे दहा सेंटने वाढल्याचं अभ्यासात दिसलं. कायद्याच्या भाषणापेक्षा सरकारने आपली बिलं वेळेत चुकवली तर किती फरक पडतो, हे आपल्याकडच्या पीडब्ल्यूडीच्या ठेकेदारांना वेगळं सांगायला नको.

ठरलं काय आणि झालं काय

आण्णांच्या हातात एक पत्ता होता. पंपाच्या बेअरिंग हाउसिंगचा एक जॉब. बोअरचा टॉलरन्स फार कडक, आणि त्याचं फिक्स्चर आण्णांनी स्वतः डोकं लावून बनवलेलं. फौंड्रीने तो जॉब एकदा दुसरीकडे देऊन पाहिला होता. पाचातला एक पीस रिजेक्ट व्हायला लागल्यावर तो परत आला. जुनं नातं आणि हा जॉब, या दोन गोष्टींवर बोलणी झाली. उद्यम राहिली. ४५ दिवसांचा लेखी करार झाला, सूट चारवरून दोन टक्क्यांवर आली.

पण साधं फेसिंग-ड्रिलिंगचं काम गेलं. फौंड्रीने त्या पावसाळ्यात स्वतःच्याच आवारात दोन व्हीएमसी बसवल्या, आणि वर आण्णांचा एक चांगला ऑपरेटरही नेला. सहा लाखांचं काम सव्वाचारवर आलं.

आता हिशेब. करारानंतर पहिले तीन महिने पैसे अठ्ठेचाळीस-पन्नास दिवसांत आले. दिवाळीपर्यंत गाडी सत्तरवर गेली. याचं कारण कायद्यातच आहे. ४३बी-एचची मोजणी ३१ मार्चला होते. ऑगस्टचं बिल डिसेंबरात दिलं तरी वर्ष संपायच्या आत दिलंय, तर खर्च वजा मिळतोच. मुदतबाह्य देणं फक्त त्या एका तारखेला ताळेबंदात दिसता कामा नये. करसल्लागारांनी हे फौंड्रीला पहिल्याच वर्षी सांगितलं असणार, मीही माझ्या अशिलांना सांगतोच. त्यामुळे २०२५ च्या मार्चअखेरीला पुन्हा सगळं देणं साफ झालं आणि मेपासून पुन्हा दिवस वाढू लागले.

सरासरी साठ दिवस धरू. फौंड्रीकडे अडकणारी रक्कम २२ लाखांवरून साडेआठ लाखांवर आली. साडेतेरा लाख मोकळे, म्हणजे महिन्याला सुमारे साडेबारा हजारांचं व्याज वाचलं. त्यातून दरात दिलेल्या दोन टक्के सवलतीचे साडेआठ हजार वजा. आणि गेलेल्या पावणेदोन लाखांच्या कामातून महिन्याला चव्वेचाळीस हजारांच्या आसपास हाती राहत होते, ते गेले. निव्वळ तोटा महिन्याला चाळीस हजार. हा तोटा आण्णांनी वर्षभरात बराचसा भरून काढला. शेतीअवजारं करणाऱ्या दोन छोट्या कारखानदारांचं काम धरलं. लॉट लहान, कटकट जास्त, पण पैसे महिन्याच्या आत. सीसीत जागा असल्यामुळेच हे काम धरता आलं, कारण त्यात स्वतःचं मटेरियल घालावं लागतं. आधीच्या स्थितीत ते परवडलंच नसतं. म्हणून सुधारणेने आण्णांचं वाटोळं केलं असं मी म्हणणार नाही. तिने एका मोठ्या गिऱ्हाइकावरचं त्यांचं अवलंबन जबरदस्तीने कमी केलं, आणि त्या उलथापालथीचा खर्च आण्णांकडूनच वसूल केला. ज्याच्याकडे तसला बेअरिंग हाउसिंगचा जॉब नाही त्याचं काय होतं, तर शेजारच्याच गल्लीत दोघांनी उद्यम रद्द केली आहे.

आण्णाही कोणाचे तरी खरेदीदार आहेत, हे राहून जायला नको. फिक्स्चरचे सुटे भाग करून देणारा एक लेथवाला आहे, एकटाच काम करतो, उद्यम नोंदणी आहे. त्याचं देणं आण्णांकडेही तीन-तीन महिने राहायचं. आण्णा पूर्ण हिशेबवह्या ठेवून रिटर्न भरतात, त्यामुळे तोच नियम त्यांनाही लागू. त्याचे ३८ हजार मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी द्यायला लावले. आण्णांची कुरकुर फौंड्रीच्या मॅनेजरांच्या कुरकुरीहून फार वेगळी नव्हती.

२०२५

१ एप्रिल २०२५ पासून उद्योगांच्या व्याख्या बदलल्या. लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटींवर गेली, गुंतवणुकीची १० वरून २५ कोटींवर. सत्तर कोटींची फौंड्री आधी 'मध्यम' होती, आता 'लघु' झाली. म्हणजे काल जी फक्त देणेकरी होती, तिला स्वतःच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून ४५ दिवसांत पैसे मागायचा हक्क आला. त्या गिऱ्हाइकाची उलाढाल अडीचशे कोटींच्या वर आहे, त्यामुळे त्याला ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर नोंदणी बंधनकारक आहे. तिथं पुरवठादाराचं बिल मान्य केलं की बँका ते वटवून पैसे लगेच देतात. नोंदणी त्याने केली आहे. बिलं मान्य करायची सक्ती मात्र नाही, आणि फौंड्रीचं एकही बिल अजून तिथं चढलेलं नाही.

मग सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले. बाजारात सगळीकडे स्वस्ताईची चर्चा होती, पण २२ सप्टेंबरपासून आण्णांच्या प्रकारच्या जॉबवर्कवरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. आता सव्वाचार लाखांच्या बिलावर ७६,५०० रुपये वीस तारखेला भरायचे. काम तीस टक्के कमी आणि आगाऊ कर पूर्वीपेक्षा साडेचार हजारांनी जास्त. फौंड्रीला त्याचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे तिला काही वाटत नाही. साठाव्या दिवशी पैसे मिळणाऱ्याला वाटतं.

कराराचं नूतनीकरण आता चालू आहे, आणि सगळा वाद एका ओळीवर येऊन थांबलाय. फौंड्रीच्या मसुद्यात लिहिलंय, 'जीआरएनच्या तारखेपासून ४५ दिवस'. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची फौंड्रीने सिस्टीममध्ये केलेली नोंद. वहिनींनी ऑगस्टचं एक चलन माझ्यापुढे ठेवलं. त्यावर फौंड्रीच्या गेटचा इनवर्डचा शिक्का ६ तारखेचा, जांभळ्या शाईचा, खाली वॉचमनची सही. त्याच मालाचा जीआरएन २३ तारखेचा. मधले सतरा दिवस माल स्टोअरमध्ये पडून, कागद कोणाच्या तरी ट्रेमध्ये. कायदा सांगतो की डिलिव्हरीपासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरायचं. मॅनेजर म्हणतात, आमच्या सिस्टीमला जीआरएनशिवाय तारीख कळतच नाही.

याच आठवड्यात त्याच मॅनेजरांनी आण्णांना व्हॉट्सॲपवर एक पत्र पाठवलं. 'आम्ही पण काढलं बघा आमच्या कस्टमरला' म्हणून. फौंड्रीने आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाला लिहिलेलं, आता आम्ही लघु उद्योग आहोत, वगैरे. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की पंचेचाळीस दिवस आमचा ट्रक आपल्या गेटमधून आत आला त्या तारखेपासून मोजावेत. वहिनींनी ते वाक्य जसंच्या तसं उचलून, 'ट्रक'च्या जागी 'टेम्पो' करून, आपल्या मसुद्यात टाकलं आणि फौंड्रीला मेल केला. उत्तर अजून आलेलं नाही.